रमजान थंडीत आला. खरबुजाचं वाण अजून उन्हाळ्याच्याच हिशेबानं?

सोलापूर : उडीद, सोयाबीन, मक्याची रानं मोकळी होत आली की करमाळा, माढा, मोहोळ, पंढरपूर या तालुक्यांतल्या रोपवाटिकांचे फोन वाजायला लागतात. रोपं कधी मिळतील, कोणतं वाण आहे, आणि रमजानला माल निघेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं रोपवाटिकावाला चटकन देतो. तिसऱ्याचं उत्तर मात्र गेल्या काही वर्षांत अवघड होत गेलंय, आणि त्याचं कारण ना बियाण्यात आहे ना बाजारात. ते कॅलेंडरात आहे.

रमजान चांद्र महिन्यावर चालतो. त्यामुळे तो दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येतो. २०२० मध्ये पहिला रोजा २५ एप्रिलला होता. २०२२ मध्ये तो ३ एप्रिलला आला, २०२४ मध्ये १२ मार्चला, २०२५ मध्ये २ मार्चला. २०२७ चा रमजान चंद्रदर्शनानुसार ८ किंवा ९ फेब्रुवारीला सुरू होईल आणि ईद १० मार्चच्या आसपास येईल. २०२८ मध्ये तर जानेवारी संपायच्या आत पहिला रोजा असेल. म्हणजे सात वर्षांत मागणीचा हा महिना भर उन्हाळ्यातून थेट थंडीत गेला. ठिबक आणि मल्चिंगवरचं खरबूज जिल्ह्यात रुजलं, त्या काळात रमजान मे-एप्रिलमध्ये होता. जानेवारीच्या शेवटी रोपं लावायची, साठ-पासष्ट दिवसांत तोडा, वरून ऊन आणि समोर रोज्याची मागणी, असा सरळ मेळ बसत होता. त्याच काळात वाणांची नावं तोंडात बसली, खतांची वेळापत्रकं ठरली, एकरी किती टन निघतं याचे अंदाज बांधले गेले. ते अंदाज उन्हाळ्यातल्या पिकाचे आहेत, आणि पीक आता थंडीत घ्यायचं आहे.

पाकिटावरचे दिवस आणि रानातले दिवस

संकरित खरबुजाच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात "६० ते ६५ दिवस" असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण ते दिवस उबदार हवेतले असतात. खरबूज हे उष्ण हवेचं पीक. दिवसाला २५ ते ३० अंश आणि रात्रीही बऱ्यापैकी ऊब मिळाली तर वेल धावतो. रात्रीचा पारा १५ च्या खाली गेला की वाढ जवळजवळ थांबते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे तो खाली जाणं नेहमीचंच आहे, आणि उजनीच्या कडेच्या, कालव्यालगतच्या सखल रानात गारवा आणखी जाणवतो. त्यामुळे तेच वाण, जे फेब्रुवारीच्या लागवडीत ६५ दिवसांत हाती येतं, नोव्हेंबर-डिसेंबरच्या लागवडीत ८० ते ९० दिवस घेतं. कडाक्याची थंडी पडली तर त्याहूनही जास्त.

इथून पुढचं सगळं नुकसान या पंधरा-वीस दिवसांच्या फरकातून होतं. शेतकरी पासष्ट दिवस धरून लागवड करतो, फळ तयार व्हायला पंच्याऐंशी लागतात, आणि रमजानचा पहिला आठवडा काही थांबत नाही. व्यापारी बांधावर येतो, दर चांगला सांगतो, आणि फळ कच्चं असताना तोडा सुरू होतो. जाळी आलेली असते, रंगही थोडा फिरलेला असतो, कापल्यावर गर मात्र काकडीसारखा लागतो. मग गाव-शहरांत एकच बोललं जातं, "थंडीतलं खरबूज गोड नसतं."

हे बोलणं पूर्ण खरं नाही. सोलापूरच्या हिवाळ्यात दिवसा लख्ख ऊन असतं, आणि साखर पानांतून बनते. पानं निरोगी राहिली आणि फळाला वेलावर पुरता वेळ मिळाला, तर थंडीतलं फळही गोड होतं, फक्त ते आकारानं जरा लहान राहतं. गोडी बिघडते ती घाईत तोडल्यानं. केळी किंवा आंब्यात पिष्टमय साठा असतो, तो तोडल्यानंतर साखरेत बदलतो, म्हणून ते आढीत घालून गोड करता येतात. खरबुजात असा साठा नसतोच. तोडल्यानंतर ते मऊ पडेल, वास सुटेल, रंग चढेल, पण गोडी एक दाणाही वाढणार नाही. शेवटच्या आठ-दहा दिवसांत वेलावरच ती भरते. ते आठ-दहा दिवस कापले की फळाचा जीवच कापला गेला.

त्यामुळे २०२७ च्या रमजानचा हिशेब उलटा, म्हणजे तोड्याच्या तारखेपासून मागे मोजत करावा लागतो. १० फेब्रुवारीला पहिला तोडा हवा असेल तर थंडीचे ८० ते ८५ दिवस धरून १८ ते २२ नोव्हेंबरच्या सुमारास रोप रानात गेलं पाहिजे. रोप थंडीत तयार व्हायला दोन-अडीच आठवडे घेतं. म्हणजे नोव्हेंबर सुरू होताना, दिवाळीच्या आधीच, ट्रेमध्ये बी पडायला हवं. डिसेंबरच्या मध्यावर लागवड करून "रमजान साधतो" म्हणणाऱ्याचा माल ईदच्या आसपास निघेल. त्यात वाईट काही नाही. महाशिवरात्रही २०२७ मध्ये मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे, त्यामुळे उपवासाच्या फळांची मागणी तेव्हा दोन्हीकडून असेल. पण ते ठरवून व्हावं, चुकून होऊ नये.

वाण निवडताना काय बघायचं

बियाण्याच्या दुकानात सगळ्यात आधी नाव विचारलं जातं. कुंदन, बॉबी ही नावं गेली कित्येक वर्षं गावोगाव चालली. त्यानंतर दरवर्षी नवी संकरित वाणं येतात, एखादं गाजतं, एखादं गायब होतं. शेजाऱ्याला गेल्या साली ज्या वाणानं पैसे दिले ते आपल्याला देईलच, या भरवशावर बियाणं घेतलं जातं. शेजाऱ्यानं ते मार्चमध्ये लावलं होतं की डिसेंबरमध्ये, आणि माल गुलटेकडीला दिला की बांधावर, हे कुणी विचारत नाही.

थंडीतल्या लागवडीसाठी तीन गोष्टी बाकी सगळ्यांच्या आधी येतात. वाण खरोखर लवकर येणारं हवं, कारण उशिरा येणाऱ्या वाणाला थंडी आणखी उशीर लावते. भुरी आणि केवडा या दोन रोगांना ते बऱ्यापैकी दाद न देणारं हवं. पहाटेचं दव पानावर बराच वेळ राहिलं की केवडा धरतो, कोरडी थंड हवा आणि दाट वेल मिळाले की भुरी पसरते, आणि पान गेलं की वर सांगितलेली साखरही गेली. तिसरी गोष्ट म्हणजे फळाची टिकवण. हैदराबादला किंवा वाशीला जाणाऱ्या मालाला रस्ता, आडत आणि किरकोळ विक्रेता असे तीन-चार दिवस काढायचे असतात. कडक गराचं, बारीक पोकळीचं, दाट जाळीचं फळ हा प्रवास सोसतं. मऊ, वासाचं फळ सोसत नाही, मग ते चवीला कितीही सरस असो.

उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मेच्या बाजारात, हा क्रम बदलतो. तिथं ऊब फुकट मिळते, लवकर येण्याची तेवढी निकड नसते. त्या वेळी विषाणूजन्य रोग आणि उन्हानं भाजलेली फळं हा मोठा त्रास असतो. म्हणून पानांचा पसारा भरपूर असलेलं, फळ झाकून ठेवणारं वाण तिथं बरं. एकच वाण डिसेंबरलाही आणि फेब्रुवारीलाही लावणं हे सोयीचं असतं, फायद्याचं असेलच असं नाही.

गिऱ्हाईक कोण, हेही आधी ठरलेलं बरं. मोठ्या बाजारांत बहुतेक व्यापारी नारिंगी गराचं, जाळीदार सालीचं, किलो-दीड किलोचं एकसारखं फळ मागतात. सोलापुरात विजापूर वेस परिसरातल्या संध्याकाळच्या गाड्यांवर किंवा तालुक्याच्या आठवडी बाजारात मात्र पाऊण किलोचं फळ आधी उचललं जातं, कारण एका घरात एका वेळी तेवढंच संपतं. थंडीत फळ लहान राहतं ही तक्रार दूरच्या बाजारासाठी खरी आहे, जवळच्या बाजारासाठी ती तक्रारच नाही. गुळगुळीत पिवळ्या सालीची, हिरवट-पांढऱ्या गराची खरबुजंही काही शेतकरी लावतात. त्यांना दर मिळतो, पण घेणारा आधी बोलून ठेवलेला असावा लागतो. आठवडी बाजारात ती घेऊन बसणाऱ्याला दिवसभर "हे काय आहे?" एवढंच ऐकावं लागतं.

हिशेब कागदावर मांडला तर

थंडीतल्या खरबुजाला दर चढा मिळतो, हे आकर्षण खरं आहे. पण दर आणि उत्पन्न यांत गल्लत होते. हिशेबापुरते आकडे घेऊ. समजा, उन्हाळ्यात एकरी १२ टन माल निघाला आणि सरासरी १४ रुपये किलो मिळाले, तर १ लाख ६८ हजारांची पट्टी होते. थंडीत तोच एकर ८ टनांवर आला आणि दर २४ रुपये मिळाला, तर १ लाख ९२ हजार. वरकरणी २४ हजार जास्त. पण थंडीच्या पिकाला क्रॉप कव्हर, ते ताणायच्या कमानी, बुरशीनाशकाच्या जादा फवारण्या आणि वीस दिवसांची जास्तीची मजुरी लागते. ती धरली की हे २४ हजार बहुतेक तिथंच जिरतात. दर २४ ऐवजी २० मिळाला तर पट्टी १ लाख ६० हजारांवर येते, म्हणजे उन्हाळ्याच्याही खाली. आकडे प्रत्येकाच्या रानात वेगळे निघतील, पण हा हिशेब लागवडीआधी मांडणारे थोडेच.

शिवाय रमजानचा दर महिनाभर एकसारखा नसतो. सगळ्या तालुक्यांतला, शेजारच्या इंदापूर-बारामतीचा आणि मराठवाड्याचा माल एकाच मुहूर्तावर निघाला की दर उतरतो. बांधावरचा सौदा पहिल्या तोड्यापुरता झालेला असतो. व्यापारी पहिल्या तोड्याची निवडक फळं उचलतो, दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याच्या वेळी फोन उचलत नाही. फळभाज्या-फळांवरची आडत २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम राज्यात आहे. तरी पट्टीवर तूट, कडता, हमाली अशा नावांनी काय कापलं गेलं, हे बघितल्याशिवाय खरा दर कळत नाही. सौदा सगळ्या तोड्यांचा मिळून करणं, किंवा निदान दोन तोड्यांची तारीख आणि दर आधी ठरवून घेणं, एवढं तरी शेतकऱ्याच्या हातात असतं.

सगळं क्षेत्र एकाच दिवशी न लावता आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन तुकड्यांत लावण्याची पद्धत म्हणूनच जास्त शहाणपणाची. एक तुकडा रमजानच्या सुरुवातीला, दुसरा महाशिवरात्र-ईदच्या बाजारात. एका तुकड्यातल्या चार-दोन ओळी वेगळ्या वाणाच्या लावल्या तर पुढच्या वर्षी दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही. तुलना स्वतःच्याच रानात झालेली असते.

थंडीतली लागवड, थोडी वेगळी

बी उगवायलाच २५ ते ३० अंशांची ऊब लागते. रोपवाटिकांत बी टोकल्यावर ट्रे एकावर एक रचून कापडानं-प्लास्टिकनं झाकतात ते त्यासाठीच. घरी रोप करणाऱ्यानं हे टाळलं की निम्मे कप्पे रिकामे दिसतात. मल्चिंग कागदाची चंदेरी बाजू वर ठेवायची सवय आहे. तिच्या चमकेनं मावा, पांढरी माशी, फुलकिडे थोडे दूर राहतात. पण चंदेरी बाजू ऊन परतवते, त्यामुळे थंडीत गादीची माती गार राहते. काळी बाजू वर केली तर माती तापते, किडींना मात्र मोकळीक मिळते. क्रॉप कव्हर वापरणाऱ्याला काळ्या बाजूचा विचार करायला हरकत नाही, कारण किडीचा बंदोबस्त कव्हरच करतं.

हे पातळ पांढरं कव्हर रोपं लावल्याबरोबर कमानींवर ताणलं जातं. आत ऊब राहते, आणि विषाणू पसरवणाऱ्या किडी आत येत नाहीत. खरबुजावर विषाणू आला तर औषध नाही, त्यामुळे पहिले २०-२५ दिवस किडी बाहेर ठेवणं हाच खरा उपाय. गडबड होते ती कव्हर काढताना. मादी फुलं दिसायला लागली की कव्हर निघालंच पाहिजे, कारण परागीभवन मधमाशीशिवाय होत नाही. थंडी आहे म्हणून आणखी आठवडाभर झाकून ठेवलं तर फुलं गळतात, आणि जी फळं धरतात ती वाकडी, एका बाजूला बसकी निघतात.

मधमाश्याही थंडीत उशिरा बाहेर पडतात. त्यांची रानातली फेरी ऊन चढल्यावर सुरू होते आणि दुपारपर्यंत चालते. नेमक्या त्याच वेळी फवारणीचा पंप सुरू असेल तर फळधारणा स्वतःच्या हातानं मारल्यासारखं होतं. फुलोऱ्यात फवारणी करायचीच असेल तर ती उन्हं उतरल्यावर. एकराला दोन मधपेट्या ठेवणाऱ्यांच्या रानात फळांचा आकार एकसारखा दिसतो, हे आता बऱ्याच शेतकऱ्यांना पटलेलं आहे.

पाण्याबाबत उलटी चूक होते. थंडीत पीक कमी पाणी मागतं, पण ठिबकचा वेळ उन्हाळ्याइतकाच चालू राहतो. गादी ओली, हवा गार, आणि मग मूळकूज, मर. पुढे फळ पक्व होताना शेवटच्या आठवड्यात पाणी आटोक्यात ठेवलं नाही तर फळ तडकतं आणि साखर पातळ होते. वजन वाढावं म्हणून तोड्याच्या आदल्या दिवशी ठिबक तासभर जादा सोडणारे आहेत. ते दोन-चार क्विंटल जास्त मिळतील कदाचित, पण त्या फळाचं गिऱ्हाईक पुन्हा त्या गाडीवर येत नाही.

तोडा केव्हा, याची खूण जाळीदार वाणांत फळच देतं. देठ जिथं फळाला मिळतो तिथं बारीक गोल चीर पडायला लागते, सालीचा हिरवा रंग पिवळसर होतो. चीर अर्धी आली की दूरच्या बाजारासाठी, पूर्ण आली की जवळच्या बाजारासाठी. पूर्ण चिरेचं फळ हात लावताच देठापासून सुटतं. गुळगुळीत सालीच्या बऱ्याच वाणांत अशी चीर येत नाही, तिथं रंग, वास आणि दिवस मोजूनच कात्रीनं तोडावं लागतं. हातात धरायचा साखर मोजणीचा रिफ्रॅक्टोमीटर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून घेतला तर एका हंगामात त्याचा खर्च वसूल होतो. दहाच्या खाली आकडा असलेलं फळ खाणाऱ्याला फिकं लागतं, १२ च्या वर गेलं की "गोड आहे" असं आपसूक निघतं. बांधावर व्यापारी घाई करत असताना हा आकडा दाखवता आला, तर दोन दिवस थांबा म्हणायला आधार मिळतो.

परसातलं खरबूज

ज्यांना बाजार गाठायचा नाही, घराच्या मागं चार आळी लावायची आहेत, त्यांनी रमजानचा विचार करू नये आणि महाग संकरित बियाण्याच्या नादालाही लागू नये. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत थंडी ओसरली की सरळ बी टोकावं. त्यांच्यासाठी सरकारी संशोधन संस्थांची जुनी सुधारित वाणं आजही उत्तम. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा शरबती नारिंगी गराचं. पंजाबचं हरा मधु हिरव्या गराचं, अतिशय गोड, पण टिकाऊ नाही, म्हणूनच ते मोठ्या बाजारात दिसत नाही आणि परसात शोभतं. राजस्थानचं दुर्गापुरा मधु लहान फळाचं आणि लवकर येणारं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का जीत तर मुठीत मावेल एवढं, पण साखरेत भल्याभल्यांना मागं टाकणारं. तिथलंच अर्का राजहंस मोठं आणि टिकाऊ आहे.

या वाणांचं बी पुढच्या वर्षासाठी ठेवता येतं, संकरिताचं ठेवलं तर पुढं भलतंच निघतं. एक गैरसमज मात्र काढायला हवा. शेजारी काकडी लावली तर खरबूज फिकं होतं असं गावोगाव सांगितलं जातं. काकडी आणि खरबूज यांचा संकर होतच नाही. संकर होतो तो शेंदाडाशी आणि कोकणातल्या चिबुडाशी, कारण ती खरबुजाचीच भावंडं. तोही त्या वर्षीच्या फळाला बाधत नाही, ठेवलेल्या बियाण्यात उतरतो. बांधावर शेंदाडाचा वेल असेल तर त्या वर्षीचं बी ठेवू नये, खरबूज मात्र बिनघोर खावं.

पुढची वर्षं

२०२८, २०२९ आणि २०३० च्या जानेवारीतला रमजान ही सगळ्यात अवघड वर्षं असतील, कारण पिकाची वाढ आणि फळ पोसणं दोन्ही थंडीच्या तोंडी येईल. २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. त्यानंतर तो डिसेंबरच्या मध्यावर, मग नोव्हेंबरात सरकेल. तेव्हा वेल ऑक्टोबरच्या उन्हात वाढतील आणि ही अडचण सैल होईल, परतीच्या पावसाची नवी येईल. एप्रिलमधला रमजान मात्र आता २०५० नंतरच.

तोवर ज्यांच्याकडे सखल, गारठ्याचं रान आहे, त्यांनी रमजानचा माल सोडून एप्रिल-मेचा बाजार धरणं जास्त सुरक्षित. ज्यांचं रान उंचवट्यावर, उबदार आणि निचऱ्याचं आहे, त्यांना चढ्या दराची संधी आहे, फक्त लागवड वेळेत व्हायला हवी. रोपं घेताना वाणाचं नाव, लॉट क्रमांक आणि तारीख लिहिलेली पक्की पावती मागावी. बियाणं स्वतः घेतलं तर रिकामं पाकीट, लेबल आणि थोडं बी पीक निघेपर्यंत जपून ठेवावं. सांगितलेलं वाण न निघाल्याची तक्रार कृषी विभागाच्या तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे करता येते. समिती रानात येऊन पंचनामा करते, पण त्या वेळी पीक उभं लागतं आणि पावती हातात लागते. वेल उपटून नांगरट केल्यावर केलेल्या तक्रारीत बघायला काही उरत नाही.